मोंबासा एकटीने: रिसॉर्ट सोडा, बेटावर राहा

आधीच सांगून टाकते, केनियाच्या किनाऱ्यावरच्या मोंबासाला माझ्याकडून पाचपैकी चार. कापलेला एक स्टार शहराचा नाही, मी ज्या गेस्ट हाऊसमध्ये उतरले होते त्याचा आहे, त्याबद्दल खाली लिहिलंय. नाव घेणार नाही, कारण मालकीणबाई बिचाऱ्या फार चांगल्या होत्या.

तर झालं असं की ऑफिसच्या कामाने नैरोबीला जायचं होतं आणि वीकेंडला जोडून मी सुट्टी टाकली. तिथल्या ऑफिसात सगळ्यांचं एकच, कोस्टला चाललीयेस ना मग डायनीला जा, पांढरी वाळू, निळं पाणी, रिसॉर्टमध्ये मस्त पडून राहा. मी रेट बघितले आणि लॅपटॉप मिटला. सगळं दोघांच्या हिशोबाने. खोली दोघांची, कँडल लाइट डिनर दोघांचं, बोटीची सफर किमान दोन माणसं, आणि एकटे असाल तर वर सिंगलचा जादा चार्ज, म्हणजे एकटं असल्याचा दंडच की हा. शिवाय तिथल्या बीचवर एकटी बाई दिसली की कोणी उंटाची फेरी घेऊन येतो, कोणी लाकडी जिराफ, कोणी बोटीतून मासे दाखवतो म्हणून मागे लागतो, ऑफिसातल्या मुलीच हसत हसत सांगत होत्या. म्हटलं नको. बीच आपल्याकडेही आहेत. मी खुद्द मोंबासा बेटावर, जुन्या शहराजवळ राहायचं ठरवलं आणि हा सगळा रिव्ह्यू त्याच निर्णयाचा आहे. एकट्याने दोन-चार दिवस जाणाऱ्यांसाठी लिहितेय, हनीमूनवाल्यांनी पुढे नाही वाचलं तरी चालेल.

ट्रेनपासून सुरू करते. नैरोबी ते मोंबासा विमानही आहे, तासाभराचं, पण ट्रेनच घ्या. मदाराका एक्सप्रेस म्हणतात, 2017 साली सुरू झाली, चिनी कंपनीने बांधलेली स्टँडर्ड गेज लाईन आहे. दुपारची आणि रात्रीची गाडी भरभर जाते, सकाळची मात्र मधल्या स्टेशनांवर थांबत थांबत सहाएक तास घेते, आणि तीच घ्यायची, कारण त्साव्होचं जंगल उजेडात लागतं. तिकीट इकॉनॉमीचं 1500 शिलिंग, 2024 च्या सुरुवातीला हजारावरून वाढवलं, शंभर शिलिंग म्हणजे आपले साधारण साठ-सत्तर रुपये धरा. फर्स्ट क्लास त्याच्या तिप्पट. मी इकॉनॉमी घेतलं. समोरासमोर सीट, पाठ एकदम नव्वद अंशात, गुडघे समोरच्याच्या गुडघ्यांना लागणार, हे माहीत असू द्या. पण गप्पा मारायच्या असतील तर हाच डबा बरा. समोर एक आजी नातवाला घेऊन बसल्या होत्या, नातू अख्खा रस्ता माझ्या मोबाईलवरचे ठाण्याच्या पावसाचे व्हिडिओ बघत होता आणि आजींनी मला उकडलेल्या शेंगा खायला घातल्या, आणखी काय पाहिजे.

स्टेशनला तासभर तरी आधी पोचा. गेटवर सगळ्यांच्या बॅगा जमिनीवर एका रांगेत ठेवायला लावतात, आपण बाजूला उभं राहायचं, मग कुत्रा येऊन वास घेत जातो आणि त्यानंतर स्कॅनर. माझ्या बॅगेत खाकरा आणि लसणाची चटणी होती, कुत्रा जरा जास्तच वेळ रेंगाळला, मी मनात देवाचं नाव घेत होते, पण गेला पुढे.

नैरोबीहून जाताना शक्यतो उजव्या बाजूची खिडकी मागा, आकाश स्वच्छ असेल तर किलिमांजारो दिसतो. मला नाही दिसला, ढग होते. हत्ती मात्र दिसले आणि ते चक्क लाल! त्साव्होची माती लाल आहे आणि ती अंगावर उडवून घेतात म्हणून अख्खा कळप विटेच्या रंगाचा. रेल्वेच्या भरावाखालून त्यांना यायला-जायला मोठे बोगदे ठेवलेत. आणि मधेमधे बाजूला एक बारकी जुनी लाईन दिसत राहते ती नीट बघा. ती इंग्रजांनी 1896 ते 1901 मध्ये मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत टाकलेली मीटर गेज. त्यासाठी हिंदुस्तानातून बत्तीस हजारांच्या आसपास मजूर करारावर आणले होते, बहुतेक पंजाबकडचे, त्यातले अडीच हजारांच्या आसपास मेले, म्हणजे मैलामागे चार माणसं. 1898 मध्ये ह्याच त्साव्होत दोन सिंहांनी तंबूतून माणसं ओढून नेली ती गोष्ट तुम्ही ऐकली असेल, तो आकडा कोणी 135 सांगतं, नंतरच्या अभ्यासकांनी तो पस्तीसच्या आसपास आणला. सिंहांची एवढी चर्चा, आणि बाकीचे जे रोगराईने, अपघाताने गेले त्यांची कोण करतंय.

गाडी उतरवते मिरितिनीला, ते बेटाच्या बाहेर लांब आहे. बाहेर पडल्यावर टॅक्सीवाले अंगावर येतात, मान खाली घालून सरळ चालत राहायचं आणि शहरात जाणारी मटाटू पकडायची, मटाटू म्हणजे त्यांची वडाप. नाहीतर ॲपवरून गाडी बोलवा, बोल्ट आणि उबर दोन्ही चालतात.

शहरात फिरायला टुकटुक. आणि टुकटुक म्हणजे आपली बजाज नाहीतर टीव्हीएसची रिक्षाच, फक्त मीटर नाही. मागच्या काचेवर कुराणातली ओळ आणि शेजारी इंग्लिश फुटबॉल क्लबचा लोगो. बसायच्या आधी भाव ठरवा, ॲपवर आधी दर बघून ठेवा आणि मग तोंडी घासाघीस करा, फरक पडतो. एकटीला परवडणारं वाहन हेच. बेट लहान आहे, जुन्या शहरातून कुठेही जायला फार वेळ लागत नाही, दुपारच्या ट्रॅफिकचं सोडा.

आता ते गेस्ट हाऊस. जुन्या शहरात, तिसरा मजला, जिना इतका अरुंद की बॅग डोक्यावर घेऊन चढावं लागलं. खोली सुंदर, लाकडी पलंग, मच्छरदाणी, खिडकीतून समुद्राची एक चिरोटी. पण नळाला मचूळ पाणी, दात घासताना मिठाच्या गुळण्या केल्यासारखं वाटायचं, आणि ऐन केसांना शाम्पू लावलेला असताना तेही गेलं. मालकीणबाईंनी खालून पिवळ्या कॅनमधून पाणी पाठवलं, वीस लिटर, एक पोरगा तीन मजले चढून घेऊन आला, मला इतकं लाजल्यासारखं झालं. नंतर बघितलं तर शहरभर हेच, हातगाड्यांवर पिवळे कॅन रचून पाणी विकत फिरतात, मोंबासाला पाण्याची टंचाई कायमची आहे. त्यामुळे बुक करताना एकच प्रश्न विचारा, टाकी किती मोठी आहे. वायफाय नंतर. आणि पहाटे पाचच्या सुमारास चारी बाजूंनी अजान होते, आसपास मशिदीच मशिदी आहेत, झोप सावध असेल तर इअरप्लग ठेवा. मला तर बरं पडलं, उठून लवकर बाहेर पडता आलं, दहानंतर ऊन आणि दमट हवा असा काही वार करते की मुंबईकरसुद्धा सावली शोधतो.

फोर्ट जीझस. ह्याच्यासाठी अर्धा दिवस ठेवा, लोक तासाभरात फोटो काढून निघतात तसं करू नका. पोर्तुगीजांनी 1593 मध्ये बांधायला घेतला, समुद्रकाठच्या प्रवाळाच्या दगडात. नकाशा काढणारा इंजिनियर इटालियन, जोव्हानी बातिस्ता कैराती, तो गोव्यातून चालणाऱ्या पोर्तुगीज कारभाराचा मुख्य वास्तुकार होता. वसईचा किल्ला बघितलेल्या माणसाला ते टोकदार बुरुज बघून लगेच ओळख पटते. परदेशी पाहुण्यांना तिकीट वेगळं आणि महाग, आता त्यावर चिडायचा आपल्याला काय अधिकार, आपल्याकडे अजिंठ्याला तेच करतात.

गेटवर गाईड मागे लागतात. एकाने तर मी हो-नाही म्हणायच्या आधीच बोलायला सुरुवात केली आणि मग न मागितलेल्या माहितीचे पैसे मागितले. पण दुसरा एक म्हातारा गाईड होता, आतल्या झाडाखाली बसलेला, त्याच्याशी आधी रक्कम ठरवली आणि तो अगदी वसूल झाला. त्याने मला विचारलं कुठली, मी इंडिया म्हटलं, तो म्हणाला इंडियात कुठे, मी म्हटलं मुंबईजवळ, नाव सांगून तुम्हाला कळणार नाही, ठाणे. तो थांबला, हसला, आणि सरळ म्युझियममध्ये घेऊन गेला. तिथे एका बुडालेल्या जहाजातून काढलेल्या वस्तू मांडल्यात. जहाजाचं नाव सांतो आंतोनियो दि ताना. पोर्तुगीज कागदांत ठाण्याला ताना लिहायचे, म्हणजे ठाण्याचा संत अँथनी!

पन्नास तोफांचं जहाज, 1681 साली बांधलं कुठे, तर वसईत. अंगावर काटा आला खरंच, मी लोकलने वसईला किती वेळा गेलेय, किल्ल्यात आमची कॉलेजची ट्रिप गेली होती, तिथे समोसे खाऊन भिंतीवर बसलो होतो, आणि ह्यातलं आम्हाला कोणी काही सांगितलं नव्हतं. गोष्ट अशी की 1696 च्या मार्चमध्ये ओमानच्या अरबांनी ह्या किल्ल्याला वेढा घातला. गोव्याहून मदत पाठवत राहिले, त्या मदतीतलंच हे जहाज, आणि 1697 मध्ये ते इथेच, किल्ल्याच्या अगदी पायाशी बुडालं. वेढा जवळजवळ पावणेतीन वर्षं चालला. आत लढाईपेक्षा रोगाने माणसं जास्त मेली, शेवटी मोजकी उरली आणि 1698 च्या डिसेंबरमध्ये ओमानी आत शिरले. जहाज तसंच चिखलात पडून राहिलं ते थेट 1970 च्या दशकात पाणबुड्यांनी उकरेपर्यंत. सांगाडा अजून खालीच आहे, वर काढला नाही, वस्तू तेवढ्या आणल्या. आणि ज्या वसईत ते बांधलं ती चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये घेतली, म्हणजे पोर्तुगीजांची दोन्ही टोकं पुढेमागे चाळीसेक वर्षांत गेली. गाईडबाबांना मी हे सांगितलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं, स्पेलिंग विचारून विचारून. चिमाजीचं स्पेलिंग मी काय सांगितलं देव जाणे.

बाकी किल्ल्यात चुकवू नये असं म्हणजे पोर्तुगीज खलाशांनी भिंतीच्या गिलाव्यावर काढलेली चित्रं, जहाजं, मासे, माणसं, कंटाळलेल्या माणसाने वहीच्या मागच्या पानावर काढावीत तशी. आणि ओमानी घर, तिथून खाडीचं तोंड दिसतं, वारा येतो, बसायला जागा आहे. इंग्रजांनी किल्ल्याचा तुरुंग केला होता, 1895 पासून 1958 पर्यंत, म्युझियम 1962 चं. युनेस्कोच्या यादीत 2011 ला आला.

किल्ल्यातून बाहेर पडलात की जुनं शहर सुरूच होतं. न्दिया कू रस्ता धरा आणि मग कुठेही वळा, हरवायची भीती नको, उतार जिकडे तिकडे पाणी. कोरीव दरवाजे बघत जा, काहींच्या नक्षीत गुजराती सुतारकाम सरळ दिसतं. मांध्री मशीद 1570 ची सांगतात, बाहेरूनच बघितली. जुन्या बंदरावर आता मोठी जहाजं येत नाहीत, ती पलीकडे किलिंदिनीला, इथे शिडाच्या गलबतांची शान होती. पूर्वी ईशान्य मोसमी वाऱ्यावर इकडे यायचं आणि दिशा बदलली की परत जायचं, कच्छ, मस्कत, मलबार सगळे ह्याच हिशोबाने ये-जा करायचे. फोटो काढताना माणसांना विचारा, बायकांचे तर नकोच. कपडे साधे ठेवा, खांदे-गुडघे झाकलेले, मी कुर्ता आणि ओढणीत होते आणि दोनदा लोकांनी मला इथलीच समजून स्वाहिलीत पत्ता विचारला.

आता खाणं. इथेच माझा मुद्दा आहे. एकट्याने फिरताना सगळ्यात मोठी अडचण जेवणाची असते, दोन भाज्या मागवल्या तर संपत नाहीत, एक मागवली तर वेटर बघतो. मोंबासात रस्त्यावरचं सगळं नगावर मिळतं. एक नग, दोन नग, हातात घ्या, खा, पुढे चला. माझं दिवसभर तेच चाललेलं.

सकाळी महाम्री आणि म्बाझी. महाम्री म्हणजे नारळाच्या दुधात आणि वेलचीत मळलेल्या पिठाचे त्रिकोण, कढईत टाकले की टम्म फुगतात. जी बाई तळत होती ती झाऱ्याने प्रत्येक त्रिकोणावर तेल उडवत होती, उलटा केला, परत उडवलं, आणि कागदावर काढून ठेवला की त्याच्या पोटातून वाफेची बारीक शिट्टी यायची. आणि म्बाझी म्हणजे चक्क तूर! डाळ नाही, आख्खे तुरीचे दाणे, मऊ शिजवून दाट नारळाच्या दुधात. आम्ही तुरीच्या दाण्यांची आमटी वाटण लावून तिखटजाळ करणारे लोक, आणि इथे तीच तूर अशी सौम्य, गोडसर, हिरव्या मिरचीचा नुसता वास. पहिल्या घासाला वाटलं मीठ कमी आहे, तिसऱ्या घासाला कळलं की नाही, हे असंच पाहिजे. बरोबर दुधाचा चहा. बाकावर माझ्या एका बाजूला बँकेतला माणूस टाय लावून, दुसऱ्या बाजूला बंदरावरचा हमाल, सगळे वाकून खातायत, कोणाला कोणाशी बोलायचं नाही, एकटं वाटायचा प्रश्नच नाही.

दुपारी मी कच्री बटेटा खाल्लं. आंबटसर पिवळ्या पातळ रश्शात उकडलेला बटाटा, वरून चिंचेची चटणी, नारळाची चटणी, कसाव्याचे, म्हणजे साबुदाणा ज्याचा करतात त्या कंदाचे, चिप्स चुरून. नाव ऐकूनच कळेल हे कोणी आणलं. व्हियाझी कराई म्हणून बटाट्याला पीठ लावून तळतात तेही घ्या, चिंचेच्या पाण्याबरोबर, पण ते गरम असेल तरच, टोपलीतलं गार झालेलं घेऊ नका, आत पिठूळ लागतं. विटुंबुआ तांदळाचे, नारळाचे, आप्प्यांच्या साच्यात होतात, गोड. मांसाहारी असाल तर संध्याकाळी मिश्काकी, कोळशावर भाजलेल्या गोमांसाच्या काड्या, खात नसाल तर आधी विचारा, चिकनच्याही मिळतात. मासा मागवलात तर आख्खा येतो, नारळाच्या रश्शात भाजलेला, तो मात्र एकटीला जास्त होतो, मला अर्धा बांधून घ्यावा लागला. शाकाहारी लोकांनी चिंता करू नका, इथे गुजराती आणि जैन वस्ती जुनी आहे, देवळं आहेत, थाळी मिळते. मी एका ठिकाणी खाल्ली, आमटी गोड, अपेक्षेप्रमाणे.

बिर्याणीबद्दल कौतुक खूप ऐकलं होतं. ठीक. भात वेगळा, मसाला वेगळा वाढतात. पिलाऊ मला जास्त आवडला, त्यात जिरं आणि दालचिनी पुढे येते.

अंधार पडायला लागला की कॉफीवाले निघतात. पितळी उंच किटली, तिच्या बुडाशी कोळसा, एका हातात बिनकानाचे छोटे कप आणि ते एकमेकांवर टिचकी मारल्यासारखे वाजवत येतात, घंटी नाही की ओरडणं नाही. कॉफी काळी, आल्याची, बिनसाखरेची, दोन घोटांत संपते. बरोबर काशाटा, खोबऱ्याची नाहीतर शेंगदाण्याची वडी. उभ्याउभ्या पितात, पुरुषच जास्त असतात, पण मी उभी राहिले तर त्यांनी बाकावर जागा करून दिली. तिसरा कप घेऊ नका, मी घेतला आणि अजान होईपर्यंत जागी होते.

संध्याकाळसाठी लाईटहाऊस, मामा न्गिना ड्राईव्ह. समुद्राकडेला बसायला पायऱ्या, जुनी गोरखचिंचेची झाडं, आणि अख्खं शहर कुटुंबासकट आलेलं. तिथे मोगोचे चिप्स तुमच्यासमोर तळतात, मोगो म्हणजे कसावा, वर तिखट आणि लिंबू. शहाळं पण मिळतं. माबुयू घ्या, गोरखचिंचेच्या बिया लाल साखरेत घोळवलेल्या, जीभ, ओठ, बोटं सगळं लाल, ऑफिसच्या झूम कॉलला बसायचं असेल तर नको. समोरून किलिंदिनी बंदरात कंटेनरची जहाजं इतकी जवळून जातात की डेकवरचा माणूस दिसतो. एकटीने बसायला शहरात ह्याहून चांगली जागा नाही, कोणी त्रास देत नाही, कारण आसपास आया आणि मुलंच.

एक सकाळ हॅलर पार्कला दिली, बेटाच्या उत्तरेला बांबुरीत. ह्याची जाहिरात जिराफाला खाऊ घाला म्हणून करतात, खरी गोष्ट वेगळीच आहे. ही सिमेंट कारखान्याची चुनखडीची खाण होती, उकरून उकरून वाळवंट केलेलं. रेने हॅलर नावाच्या स्विस माणसाने 1971 पासून तिथे झाडं लावून बघितली, त्यात टिकलं ते खाऱ्या पाण्याला न भिणारं सुरूचं झाड, आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर असतं तेच. पण सुरूची पानं कुजेनात. मग ह्या बाबाने वाणी किडे आणून सोडले, त्यांनी ती पानं खाल्ली, त्याची माती झाली, मातीत बाकीची झाडं आली, आता आत शिरलं की पटत नाही खाली खाण आहे. 2004 च्या त्सुनामीनंतर पोरकं झालेलं पाणघोड्याचं पिल्लू आणि इथलं म्हातारं कासव ह्यांची जगभर गाजलेली दोस्ती पण ह्याच पार्कातली. जिराफाची जीभ खरखरीत आणि काळसर असते, हातावर ठेवलेल्या गोळ्या ती अशी काही उचलते की शहारा येतो. तिकीट स्वस्त नाही, पण वाणी किड्यांसाठी मी दिले असते.

लिकोनी फेरी नुसती अनुभवायला जा. बेटाच्या दक्षिणेला, पायी जाणाऱ्यांना फुकट, काही मिनिटांत पलीकडे. रोज लाखो लोक जातात-येतात, दार पडलं की जो लोंढा सुटतो त्यात ठाणे स्टेशनवर वाढलेली मीसुद्धा कडेला झाले. फोटो काढू देत नाहीत, मोबाईल आतच ठेवा, तसाही तो आतच ठेवायचाय. ऑफिस टायमिंगला नको.

मोई अव्हेन्यूवरचे ते मोठे हस्तिदंत, सगळ्या पोस्टकार्डांवर असतात ते, ॲल्युमिनियमचे आहेत, इंग्लंडच्या राजघराण्याच्या स्वागताला 1950 च्या दशकात उभारलेले. टुकटुकमधून जाता जाता बघा, त्यासाठी उतरू नका.

सुरक्षिततेचं विचारणारच तुम्ही, आईने रोज दोनदा विचारलं. दिवसा जुनं शहर, किल्ला, बाजार ह्यात मला एकदाही वाईट वाटलं नाही. लोक जांबो म्हणतात, हसायचं, पुढे चालायचं. अंधार पडल्यावर मात्र पायी नाही, दारातून टुकटुक आणि दारापर्यंत टुकटुक, गेस्ट हाऊसवाल्यांकडून एका ओळखीच्या ड्रायव्हरचा नंबर घेतला की झालं. मोठ्या रस्त्यांवर मोबाईल हिसकावतात, हातात धरून मॅप बघत चालू नका, दुकानात शिरून बघा. आणि वेळ ठरवताना घोळ होतो. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतात, सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, त्यामुळे ड्रायव्हर दोन म्हणाला तर आठला येईल. इंग्लिशमध्ये, सकाळी की दुपारी, असं उघड विचारून घ्या.

पैसे. आपलं यूपीआय तिथे विसरा, तिथे एम-पेसा, 2007 पासून चाललंय, शहाळेवाल्यापासून टुकटुकपर्यंत सगळे तेच घेतात. पासपोर्ट दाखवून सफारीकॉमचं सिम घ्या आणि त्यावर एम-पेसा चालू करून घ्या, दुकानातच करून देतात. मी थोडी कॅश पण ठेवली, लागली.

खरेदी बियाशारा स्ट्रीटला, कांगा आणि किकोय, दोन्ही तिथली सुती कापडं. कांगा जोडीनेच विकतात, दोन चौकोन एकाच कापडात, घरी आणून कापून शिवायचे. आईला एक जोडी, स्वतःला एक, किकोयचे टॉवेल भावाला. पहिला सांगितलेला भाव निम्म्यावर आणता येतो, पण हसत हसत, तोंड वाकडं केलंत तर दुकानदार गार होतो. मसाले मॅकिनन मार्केटमधून, लोक मारिकिती म्हणतात, पिलाऊ मसाला घ्या, बाकी आपल्याकडे मिळतंच की.

आणि जायच्या आधीची कामं. ईटीए, म्हणजे केनियात शिरायची परवानगी, ऑनलाइन काढायचं, तीसेक डॉलर. प्लास्टिकच्या पिशव्यांवर केनियात 2017 पासून बंदी आहे, बॅगेत चपला गुंडाळायला आपण जी कॅरीबॅग वापरतो ती घरीच ठेवा, कापडी पिशवी घ्या. एप्रिल-मेमध्ये पाऊस बेफाम, जुलै ते ऑक्टोबर बरं, जानेवारी-फेब्रुवारी कोरडं पण तापतं. पिवळ्या तापाची लस मात्र विसरू नका. ती सरकारमान्य केंद्रावरच मिळते, जायच्या कमीत कमी दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि त्याचं पिवळं कार्ड जाताना कोणी बघो न बघो, परत येताना मुंबई एअरपोर्टवर बघतात. नसेल तर क्वारंटाईन करू शकतात. माझ्या पुढच्या काकांना कार्ड सापडत नव्हतं, त्यांनी सगळी बॅग जमिनीवर ओतली, शेवटी शर्टाच्या खिशात निघालं.